आत्ता उघडता येत नाही

लेकीच्या, ओवीच्या कॉलेजप्रवेशाची मुदत त्या दुपारी संपत होती आणि केतकीचं अभय काही केल्या उघडत नव्हतं.

अभय म्हणजे तिची कागदपत्रांची पेटी. फायली कपाटात ठेवायचे दिवस सरले होते. जन्मदाखला, लग्नाची नोंद, दवाखान्याचे रिपोर्ट, मृत्युपत्र, सगळं ऑनलाइनच असायचं, आणि कऱ्हाडसारख्या गावातही बहुतेक घरांनी ते अभयच्या हवाली केलं होतं. पासवर्ड नाही, अंगठा लावणं नाही. फोन चेहऱ्यासमोर धरायचा, पडद्यावर येईल ते वाक्य मोठ्याने वाचायचं, की पेटी उघडली. त्या दुपारी मात्र केतकीने पुन्हा पुन्हा वाक्य वाचलं आणि दर वेळी तेच उत्तर आलं : 'आत्ता उघडता येत नाही. थोड्या वेळाने पाहा.'

तिचा नवरा हर्षवर्धन तिच्या खुर्चीमागे उभा होता. पाटबंधारे खात्यात कार्यकारी अभियंता, स्वभावाने शांत. त्याचा आवाज चढलेला खात्यात कुणी ऐकला नव्हता आणि घरातही कुणी ऐकला नव्हता. तो एवढंच म्हणाला, "पुन्हा वाच. नीट."

केतकीने नीट वाचलं. तेच उत्तर. हर्षवर्धनने घड्याळाकडे पाहिलं.

"रेंज नसेल इथे, खाली जाऊन बघते," असं म्हणून ती जिना उतरली. पार्किंगमध्ये स्कूटरला टेकून तिने फोन समोर धरला आणि पहिल्याच वाक्याला पेटी उघडली. ओवीचा जन्मदाखला गेला, प्रवेश झाला. वर येऊन तिने सांगितलं, रेंजच नव्हती. तिला स्वतःलाही ते खरं वाटत होतं. घरात अभय चालत नाही हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. मोबाइलचा टॉवर लांब आहे, भिंती जाड आहेत, असं काहीबाही ती धरून चालली होती. ती श्रवणतज्ज्ञ होती; क्लिनिकमध्ये लहान मुलांचे कान तपासता तपासता ती मधल्या वेळात कागदपत्रांची कामं उरकून घ्यायची. तिथे कधी अडत नसे.

त्या उत्तराचा खरा अर्थ पुढच्याच महिन्यात साऱ्या राज्याला कळला. कुठल्याशा शहरात एका म्हाताऱ्या गृहस्थाला त्याच्या पुतण्यांनी कोंडून घालून घराचे कागद उघडायला लावले होते. पेटी उघडली नाही, म्हातारा वाचला, खटला उभा राहिला. साक्ष द्यायला अभय बनवणाऱ्यांपैकी एक शास्त्रज्ञ बाई आल्या आणि आजवर झाकून ठेवलेली गोष्ट त्यांना कोर्टात सांगावी लागली.

कुलूप कितीही भारी असलं तरी मालकाच्या मानेवर सुरी ठेवली की ते उघडतं, हे जुनंच दुखणं. पासवर्ड दरडावून काढून घेता येतो, अंगठा धरून दाबता येतो, झोपलेल्या माणसाचा चेहरा फोनपुढे धरता येतो. अभय बनवणाऱ्यांनी म्हणूनच किल्ली कुठे साठवलीच नाही. ती दर वेळी माणसाच्या शरीरातून नव्याने तयार व्हायची. हृदयाच्या दर ठोक्याला चेहऱ्याच्या त्वचेखाली रक्त किंचित चढतं-उतरतं, ते कॅमेऱ्याला दिसतं. निवांत माणसाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं नसतं, श्वासाबरोबर ते लवचीकपणे कमी-जास्त होतं. डोळ्याची बाहुली विशिष्ट गतीने आकुंचन पावते. आवाजात कानाला न जाणवणारा एक कंप असतो. या सगळ्या खुणा मिळून प्रत्येकाची एक ठेवण बनते आणि त्या ठेवणीच्या गणितातून किल्ली निघते. माणूस धावून आला, तापाने फणफणला, तरी गणित ते सावरून घेतं. पण भीतीने सगळी ठेवणच बदलते. ठोके एका चाकोरीत पळू लागतात, बाहुल्या विस्फारतात, गळ्याचे स्नायू आवळतात. मग किल्ली तयारच होत नाही. खुद्द कंपनीलाही मग ती पेटी उघडता येत नाही.

आणि सुरी धरणाऱ्याला हे कळू नये, नाहीतर तो आणखी पिसाळेल, म्हणून पडद्यावर मुद्दाम साधं, रेंज गेल्यासारखं वाक्य येई : आत्ता उघडता येत नाही.

ती बातमी हर्षवर्धनने सकाळी चहाच्या वेळी वाचली. वर्तमानपत्राची नीट घडी घालून त्याने ते केतकीच्या बशीशेजारी ठेवलं, आणि तिचं वाचून होईपर्यंत थांबला.

"मी तुला कधी हात लावलाय?" त्याने विचारलं.

"नाही."

"शिवी दिलीय? कशाला नाही म्हटलंय?"

"नाही."

"मग?"

तो म्हणत होता ते अक्षरन् अक्षर खरं होतं. मैत्रिणींच्या नवऱ्यांच्या तऱ्हा ऐकून ती मनोमन स्वतःला भाग्यवान समजत आली होती. त्या दिवशी क्लिनिकमध्ये एका मुलाच्या कानाला हेडफोन लावताना मात्र तिचं लक्ष भलतीकडेच होतं. एकदा न विचारता ती साताऱ्याला प्रशिक्षणाला गेली होती, तेव्हा तो पंधरवडाभर तिच्याशी बोलला नव्हता. भाजीत मीठ जास्त झालं की तो ताट हलक्या हाताने पुढे सरकवायचा आणि उठायचा. जिन्यात त्याची पावलं वाजली की ओवी टीव्ही बंद करायची, आणि केतकी आपण काय चुकलोय ते आठवायला लागायची. हे ती इतकी वर्षं करत होती की आपण ते करतोय हेही तिला कळेनासं झालं होतं. तिच्या शरीराला मात्र ते कळत होतं.

हर्षवर्धनने आपला वेगळा निष्कर्ष काढला. तो अभियंता होता. धरणाला ओल दिसली की तो कारण शोधायचा. माझ्यासमोर पेटी उघडत नाही, म्हणजे मला दिसू नये असं पेटीत काहीतरी आहे. हे त्याने आडून न बोलता थेट सांगितलं. केतकीने दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये पेटी उघडली, आतला एकूण एक कागद उतरवून घेतला आणि तो सगळा साठा संध्याकाळी त्याच्यासमोर ठेवला. तिच्या पदव्या, ओवीच्या लसी, आई-वडिलांच्या घराची नोंद, एका अर्धवट राहिलेल्या गर्भारपणाचे रिपोर्ट, ज्या दिवसांत तोही दवाखान्याबाहेर बसून होता. त्याने सगळं चाळलं.

"जे काढायचं ते काढून झाल्यावर दाखवतेस," तो म्हणाला. "पेटी माझ्यासमोर उघड. बास."

मग रोज संध्याकाळी ते सुरू झालं. हर्षवर्धन ऑफिसातून आला की दोघं समोरासमोर बसायची. तो तेव्हा फार गोड वागायचा. कधी शेवंतीचा गजरा आणायचा, चहा स्वतः करायचा, तिला आवडतात म्हणून जुनी गाणी लावून ठेवायचा. घाई नाही, म्हणायचा, श्वास घे, मग वाच. केतकी वाक्य वाचायची. कधी 'अंगणात पारिजातकाचा सडा पडला आहे' असं यायचं, कधी 'आज बाजारात ताजी वांगी आली आहेत'. तिने कितीही मन लावून वाचलं तरी पडदा तेच सांगायचा. हर्षवर्धन हसून म्हणायचा, उद्या बघू. ते हसू रोज थोडं आखडत होतं, आणि दुपार कलली की केतकी सारखी घड्याळ बघायला लागली होती. ओवीने त्या वेळेला बाहेर क्लास लावून घेतला.

शेवटी त्यानेच तोडगा काढला. अभयमधली ही भीतीची तपासणी मालकाच्या मर्जीने बंद करता येत होती. मग साध्या चेहऱ्यावर पेटी उघडली असती. अट अशी की ते केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन करायचं, आणि तेही पेटी एकदा रीतसर उघडल्यावरच. म्हणजे जिला भीती वाटतेय तिने निर्भय होऊनच ते बंद करायचं. हर्षवर्धनला त्याचंही उत्तर सुचलं. रक्तदाबासाठी तो जी गोळी घ्यायचा ती नाडी मंद करते, हे त्याला ठाऊक होतं. निघायच्या आधी त्याने त्यातली अर्धी मोडून तिच्या तळहातावर ठेवली.

"एवढं झालं की संपलं सगळं," तो म्हणाला. "मग मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

केतकीने ती घेतली. कुणी बळजबरी केली नाही. तिलाच ते संपायला हवं होतं.

केंद्र कार्वे नाक्याजवळ होतं. तिथल्या अधिकारी फरीदा मुजावर या तिशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी दोघांना आतल्या खोलीत बसवलं आणि केतकीसमोर पडदा ठेवला. केतकीचं डोकं हलकं झालं होतं, बोटांची टोकं गार पडली होती. छातीत मात्र सगळं विलक्षण संथ होतं, जणू ते हृदय दुसऱ्याच कुणाचं होतं. तिने वाक्य वाचलं.

आत्ता उघडता येत नाही.

शेजारी हर्षवर्धनने पायावर पाय घेतला. फरीदाबाईंनी अगदी साध्या सुरात सांगितलं, की नियम आहे, पहिल्यांदा जमलं नाही तर सोबतच्या माणसाने बाहेर बसायचं. आम्ही नवरा-बायको आहोत, तो म्हणाला. त्यांनी फक्त मान डोलवली आणि दार उघडून धरलं. तो उठून गेला. दार लागलं. केतकीने वाचलं आणि पेटी उघडली.

फरीदाबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. "गोळी घेतलीय ना?"

केतकीने ग्लास उचलला.

"बरेच जण घेऊन येतात. हृदय गप्प करता येतं, ताई. डोळे आणि आवाज ऐकत नाहीत." त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातली निळी खूण दाखवली. "इथे बोट ठेवलं की तपासणी बंद होईल. तुमची पेटी, तुमचा हक्क. मी थांबवणार नाही."

केतकीने बोट पुढे नेलं. बंद केलं की रोजची संध्याकाळ सुटणार होती. गजरे, चहा, ते आखडणारं हसू, सगळं थांबणार होतं आणि घर पुन्हा पहिल्यासारखं शांत होणार होतं. पहिल्यासारखं या शब्दापाशी ती अडली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने हर्षवर्धनला एकदाही नाही म्हटलं नव्हतं. तिच्या वतीने तो शब्द उच्चारणारं जगात एकच काहीतरी होतं, आणि त्याचं तोंड ती आता स्वतःच्या हाताने दाबायला निघाली होती.

तिने हात मागे घेतला.

गाडीत बसल्यावर हर्षवर्धनने विचारलं, झालं का? कोयनेचा पूल येईपर्यंत तिला शब्द जुळवावे लागले.

"नाही केलं बंद. उघडली होती पेटी. मीच नाही केलं."

तो गाडी चालवत राहिला. वेगसुद्धा बदलला नाही. त्या क्षणापासून त्याने तिच्याशी बोलणं बंद केलं.

या खेपेचा अबोला आधीच्या सगळ्यांपेक्षा वेगळा होता. तो आईशी बोलायचा, ओवीशी बोलायचा, फोनवर खळखळून हसायचा. केतकी खोलीत आली की तिथे कुणी नसल्यासारखा तिच्या आरपार बघायचा. तिने विचारलेलं ऐकूच न आल्यासारखा ओवीला म्हणायचा, तुझ्या आईला सांग, शनिवारी पाहुणे आहेत. केतकीचं जेवण तुटलं. मुलांच्या कानांचे आलेख काढताना तिच्या हातून चुका होऊ लागल्या; एकदा तर बऱ्या मुलाला बहिरं ठरवता ठरवता ती वाचली. खाली मान घालून केंद्रावर जावं आणि ती निळी खूण दाबून यावं, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं.

तिच्या सासूबाई, शोभाताई, पंचाहत्तरीच्या आसपासच्या. घरात असून नसल्यासारख्या. एका दुपारी दोघी स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या, तेव्हा खाली बघतच त्या म्हणाल्या, "बंद नको करूस ते."

केतकीने चमकून वर पाहिलं. हा विषय तिने त्यांच्याजवळ कधी काढला नव्हता.

"माझं पण उघडत नाही गं, तो असला की."

मग त्या बोलत गेल्या. पेन्शनचा हयातीचा दाखला दर वर्षी अभयमधून पाठवावा लागतो. पहिल्या वर्षी हर्षवर्धन शेजारी बसला, तर ते उघडलं नाही. त्यांना वाटलं, आपण म्हातारी बाई, चष्म्यातून वाचायला चुकत असू. तेव्हापासून गुडघे धरत त्या गच्चीवर जातात आणि ऊन खायला गेले होते म्हणून सांगतात. पेपरातली बातमी वाचली त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. हर्षवर्धनचे वडील असेच होते. त्यांनी कधी हात उगारला नाही, पण ते घरात असले की शोभाताई भाकरी थापताना हात आवरायच्या, आवाज नको म्हणून. पोरगा उंबऱ्यात बसून ते बघायचा.

"तेव्हा मला वाटलं, पोरगं गुणी आहे, दंगा करत नाही," शोभाताई म्हणाल्या. "तो शिकत होता, ते मला कळलं नाही."

त्यांनी पुढे काय करायचं ठरवलंय हे केतकीला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी हर्षवर्धन ऑफिसातून येऊन हात-पाय धुऊन बसला, तेव्हा शोभाताई आपला फोन घेऊन त्याच्यासमोर येऊन बसल्या. ओवी घरातच होती. आजीने तिला आणि केतकीलाही बोलावून घेतलं.

"हर्षा, जरा बघ," त्या म्हणाल्या, आणि फोन समोर धरून वाक्य वाचायला लागल्या. वाचून झाल्यावर त्यांनी पडदा त्याच्याकडे फिरवला.

हर्षवर्धनने ते उत्तर वाचलं. मग हळूच म्हणाला, "तुझं वय झालंय आई. मशीनला..."

"आता गॅलरीत जा आणि दार लाव."

तो हलला नाही. शोभाताई स्वतः उठल्या, गॅलरीत गेल्या, दार ओढून घेतलं. काचेतून तिघांना त्या दिसत होत्या. त्यांनी फोन समोर धरला, ओठ हलले. परत येऊन त्यांनी उघडलेली पेटी लेकाच्या मांडीवर ठेवली.

"बघ काय बघायचं ते. पेन्शनचा कागद आहे आणि तुझ्या बारशाचा फोटो आहे."

हर्षवर्धन बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याने मान वर करून ओवीकडे पाहिलं, आणि ओवीने नजर खाली वळवली. मग तो उठला, चपला घातल्या आणि बाहेर पडला.

पुढच्या रविवारी केतकीने मलकापुरात, क्लिनिकपासून चालत जाण्याजोगं दोन खोल्यांचं घर भाड्याने घेतलं. भांडण झालं नाही. भांडायला त्याने तोंडच उघडलं नाही. ओवीने काही न विचारता पुस्तकं भरली. टेम्पो दारात लागल्यावर शोभाताईही आपली पिशवी घेऊन निघाल्या, तेव्हा मात्र त्याचा बांध फुटला.

"आई, तू पण?"

"मी येत जाईन रे दिवसा, तुझं जेवणखाण बघायला," त्या म्हणाल्या. "झोपायला तिकडे जाते."

उन्हाळा गेला, पाऊस गेला. हर्षवर्धन पैसे पाठवायचा, ओवीला फोन करायचा, आईने केलेलं जेवायचा. दिवाळीनंतरच्या एका सकाळी तो मलकापुरातल्या घरी आला. शोभाताई देवळात गेल्या होत्या, ओवी कॉलेजला. केतकीने त्याला आत घेतलं, खुर्ची दिली, आणि दार उघडंच ठेवलं. तो वाळला होता. त्याने सांगितलं, की तो पुण्याला एका समुपदेशकाकडे जातोय, दर आठवड्याला. पहिले काही दिवस तिथे त्याला एक वाक्यही बोलता आलं नाही. मग फरीदाबाईंनाही भेटून आलो म्हणाला. आपण बदललोय का हे माणसाला कळायचं कसं, असं त्याने त्यांना विचारलं होतं, आणि त्या म्हणाल्या होत्या, यासाठी आमच्याकडे मशीन नाही.

मग त्याने टेबलावरच्या तिच्या फोनकडे बोट केलं. "एकदा वाचून बघतेस? फक्त एकदा. मला कळू दे."

केतकीने फोन उचलला. क्षणभर तिलाही उत्सुकता वाटली. मग तिने तो पालथा ठेवला.

"नाही."

"उघडेलही कदाचित."

"उघडलं तर तुम्ही म्हणाल, संपलं. नाही उघडलं तर रोज विचाराल, अजून किती दिवस. मला पुन्हा संध्याकाळची परीक्षा द्यायची नाही." तिचा आवाज कापत होता, तिने तो लपवला नाही. "भीती वाटली तर मी सांगेन. तोंडाने सांगेन. मशीनला विचारायचं नाही."

हर्षवर्धन गप्प झाला. त्याची नजर जमिनीवर गेली, जबडा आवळला गेला, आणि केतकीच्या ओळखीची ती शांतता खोलीत उतरायला लागली. उठून आत निघून जावं असं तिला वाटलं. ती बसून राहिली.

"आत्ता वाटतेय," ती म्हणाली.

त्याने दचकून वर पाहिलं. त्याला पहिल्यांदा काही समजलंच नाही, आणि समजलं तेव्हा त्याचे हात मांडीवर असहायपणे उघडे पडले.

"काय करू मी?"

"बोला."

"काय बोलू?"

"काहीही."

त्याने दोनदा तोंड उघडून मिटलं. मग अडखळत तो सांगू लागला, की धरणाखालच्या डाव्या कालव्याचा दरवाजा गाळाने अडकलाय, तो वर करायचा तर आधी पाणी थांबवावं लागेल, आणि पाणी थांबवलं तर खालची गावं बोंब मारतील, आणि रात्रभर विचार करूनही त्याला मार्ग सापडलेला नाही. वाक्यं तुटत होती, मध्येच तो हरवत होता, पुन्हा सुरू करत होता. केतकी ऐकत होती. हळूहळू तिचा श्वास खाली उतरला.

"मग गावांना विचारून बघा ना," ती म्हणाली, "आधी."